कानगोष्टी, पण कागदावर

आपल्याकडे माणसं जमली की खेळायचे खेळ ठरलेले असतात. अंताक्षरी, दमशेराज, हाऊजी, पत्ते. कोणता खेळायचा हे बहुतेक वेळा ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा तोच ठरवतो, आणि ते ठरायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात आणखी एक गोष्ट ठरून जाते. पुढचा तासभर कोण खेळणार, आणि कोण "तुम्ही खेळा, मी बघतो" म्हणून भिंतीला टेकून बसणार.

प्रत्येक खेळ खेळणाऱ्याकडे काहीतरी मागतो. अंताक्षरीला कान लागतात, गळा लागतो आणि शंभरेक हिंदी गाणी पाठ असावी लागतात. दमशेराजला सिनेमांची नावं लागतात. ज्यानं दहा वर्षांत थेटरात पाऊल टाकलं नाही त्याची पंचाईत. पत्त्यांत चार-सहा जण बसतात आणि बाकीचे मागे उभं राहून सल्ले देतात. हाऊजी सगळ्यांत सोपी वाटते, पण तिथंही पुकारलेला आकडा गोंगाटातून नीट ऐकू यावा लागतो.

आमच्या घरात हा प्रश्न बाबांमुळे आला.

बाबांनी इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागांवर काढली, त्यातली बरीचशी जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. धोट्याचा माग चालतो तेव्हा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, तिथं आपटून थांबतो आणि परत फेकला जातो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. असे वीस-चोवीस माग एका पत्र्याच्या शेडमध्ये. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. मागांच्या शेडमध्ये आवाज सहज त्याच्या वर जातो, आणि बाबांची पाळी बारा तासांची असायची. कानात घालायला बोळे मिळायचे का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "कापूस तर सगळीकडंच होता की."

त्यांना काहीच ऐकू येत नाही असं नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. गोंगाटानं बिघडलेले कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात, आणि आपल्या भाषेतली स, श, फ, थ अशी मंडळी तिथंच राहतात. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते पोचतात. म्हणजे शब्दाचा सांगाडा पोचतो आणि उरलेलं बाबा समोरच्याच्या ओठांवरून, चेहऱ्यावरून, प्रसंगावरून भरून काढतात. समोर एकच माणूस असेल तर हे जमतं. दहा जण एकदम बोलायला लागले की जमत नाही. कानातलं मशीन आहे, पण ते ताईच्या बोलण्याबरोबर पंख्याचा आणि ताटल्यांचा आवाजही वाढवतं. दिवाळीत ते मशीन बहुधा त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं.

एका अर्थानं ते दिवसभर ओळखाओळखीचा खेळच खेळत असतात. फक्त त्यात गुण मिळत नाहीत.

घरात हशा पिकला की बाबा विचारायचे, "काय झालं?" मग कोणीतरी तो विनोद मोठ्यानं, सावकाश, तोंड त्यांच्याकडे करून पुन्हा सांगायचं. विनोद दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितला की त्याची माहिती होते. बाबा हसायचे, पण आमचं हसून संपल्यावर. नंतर नंतर त्यांनी विचारणं सोडलं. सगळे हसले की तेही आमच्याबरोबर हसायला लागले, कशावर ते कळलेलं नसताना. आईला वाटलं, चला, मशीन उपयोगाला आलं. मला ते हसू बघवेना.

त्यामुळे यंदा भाऊबीजेला सगळे जमणार हे ठरल्यावर मी खेळ शोधायला बसले तेव्हा अट एकच होती. बाबा आमच्याबरोबर त्याच क्षणी, त्याच गोष्टीवर हसले पाहिजेत.

*

चित्र काढून ओळखायचे खेळ डोक्यात येण्याचं कारण म्हणजे खडू. मागाच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, त्यामुळे बाबा कोणता भाग झिजलाय, कुठला बोल्ट हवाय हे फरशीवर खडूनं काढून दाखवायचे. लहानपणी डबा द्यायला गेले की शेडमधली ती चित्रं मला दिसायची. त्यांना गाय-घोडा काढता येत नाही, पण वस्तू येते. चार रेघांत, मापात.

सगळ्यांत आधी अर्थातच पिक्शनरी. रॉब एंजल नावाच्या सिएटलमधल्या तरुण वेटरनं हा खेळ १९८५ मध्ये बाजारात आणला. पहिल्या हजार प्रती त्यानं स्वतःच्या राहत्या घरातच जुळवल्या होत्या. खेळ असा की एकानं चित्र काढायचं, त्याच्या गटानं वाळूचं घड्याळ रिकामं व्हायच्या आत शब्द ओळखायचा. कागदावर हे बाबांसाठी उत्तम दिसतं. पण नीट विचार केला की लक्षात येतं, पिक्शनरीत चित्र हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा आरडाओरडा आहे. चौघं एकदम ओरडतात, "घर! देऊळ! शाळा! अरे, कळस आहे, देऊळच!", आणि चित्र काढणाऱ्याला त्या गलक्यातून बरोबर शब्द टिपायचा असतो. बाबा चित्र काढतील, पण कोणी ओळखलं का हे त्यांना कळणार नाही. दुसऱ्याचं चित्र असताना आधी कोण काय म्हणालं हेही नाही. म्हणजे चित्रांचा खेळ असून गाडी पुन्हा कानांपाशीच अडते.

मग फोनवरचे खेळ पाहिले. २०१२ मध्ये ड्रॉ समथिंग नावाचं अॅप आलं होतं. ते इतकं झपाट्यानं पसरलं की काही आठवड्यांतच झिंगा या कंपनीनं ते बनवणारी कंपनीच विकत घेतली. पण तो दोघांचा खेळ, आपापल्या वेळेनं खेळायचा. घरभर माणसं असताना त्याचा उपयोग नाही.

स्क्रिबल डॉट आयओ अनेकांना लॉकडाऊनमुळे माहीत असेल. एक जण काढतो, बाकीचे टाइप करून ओळखतात. टाइप करायचं म्हणजे ओरडणं नाही, म्हणजे कान लागत नाहीत. मी जवळजवळ हाच ठरवला होता. पण जो आधी ओळखेल त्याला जास्त गुण, आणि बाबा एका बोटानं टाइप करतात. शिवाय मराठीचं काय? भाषांच्या यादीत मराठी दिसली नाही. आपले शब्द आपण घालू शकतो, ते घालून पाहिले. हा खेळ शब्दाच्या अक्षरांइतक्या रिकाम्या जागा दाखवतो आणि मधूनमधून एखादं अक्षर उघडं करतो. आता 'खिचडी'त अक्षरं किती? आपण म्हणू तीन. संगणक म्हणतो पाच, कारण त्याच्या लेखी वेलांटी हे वेगळं चिन्ह आहे. ज्या भाषेत वेलांटीला स्वतंत्र घर द्यावं लागतं त्या भाषेत हा खेळ खेळताना आधी संगणकाशी भांडायला लागतं. ते मी एकटी करेन, बाबांना कशाला करायला लावू?

एक जपानी खेळ मला फार आवडला. ओइंक गेम्सचा, 'अ फेक आर्टिस्ट गोज टू न्यूयॉर्क'. सगळ्यांनी मिळून एकच चित्र काढायचं, प्रत्येकानं पाळीपाळीनं फक्त एक रेघ ओढायची. विषय सगळ्यांना माहीत असतो, फक्त एकाला नसतो. त्यानं तो माहीत असल्यासारखं वागत रेघ ओढायची आणि पकडलं जायचं नाही. डोकेबाज खेळ आहे, आवाजही फार होत नाही. पण विषय ठाऊक नसताना तो ठाऊक असल्यासारखं हसत बसणं बाबा एरवी करतातच. तोच प्रकार खेळ म्हणून समोर ठेवायला मला जमलं नसतं.

*

शेवटी जो ठरला तो खेळ म्हणजे आपल्या कानगोष्टी. लहानपणी रांगेत बसून पहिल्याच्या कानात वाक्य सांगायचं आणि शेवटच्याकडून त्याचं काय झालं ते ऐकायचं, तोच. फक्त इथं कानात काही सांगायचं नाही. पहिला शब्द लिहितो, दुसरा त्याचं चित्र काढतो, तिसरा फक्त चित्र बघून शब्द लिहितो, चौथा फक्त तो शब्द वाचून चित्र काढतो. प्रत्येकाला त्याच्या आधीचं एकच पान दिसतं. वही फिरून मालकाकडे परत येते तेव्हा तिच्यात काय घडलं ते सगळ्यांना दाखवायचं. नावात कान असलेला आणि कानांची अजिबात गरज नसलेला खेळ.

विकत हवा असेल तर टेलिस्ट्रेशन्स नावानं मिळतो, २००९ पासून. फोनवर हवा असेल तर गार्टिक फोन आहे, ब्राझीलमधल्या मंडळींनी केलेला. २०२१ च्या सुरुवातीला तो जगभर गाजला आणि त्यात तीस जणांपर्यंत खेळता येतं. माणसं वेगवेगळ्या गावांत असतील तर मी तोच सुचवेन. पण आम्ही एकाच खोलीत होतो, माझी भाची अकरा वर्षांची, तिच्याकडे फोन नाही, आणि बाबांचं जाड बोट फोनच्या काचेवर एक रेघ ओढताना तीन ओढतं. शिवाय टेलिस्ट्रेशन्सचा नेहमीचा डबा आठ जणांचा आणि आम्ही नऊ. म्हणून दादाच्या ऑफिसातले पाठकोरे कागद आणले, अर्धे कापले, नऊ-नऊ पानांच्या नऊ वह्या स्टेपल केल्या. नऊ पेन्सिली. खर्च जवळजवळ शून्य.

खेळायचं असेल तर दोन बारीक गोष्टी सांगते. शेवटचं पान चित्राचं नको, शब्दाचं हवं, म्हणजे सुरुवातीचा शब्द आणि शेवटचा शब्द शेजारी ठेवून वाचता येतात. त्यासाठी माणसं विषम असतील तर प्रत्येकानं आपल्या वहीत फक्त शब्द लिहून ती पुढे द्यायची. सम असतील तर स्वतःच्या शब्दाचं पहिलं चित्रही स्वतःच काढायचं आणि मग पुढे द्यायची. दुसरी गोष्ट वेळेची. चित्राला एक मिनिट दिलं, पण वेळ संपल्याची घंटा वाजवली नाही. भाचीला दिव्याच्या बटणापाशी बसवलं. मिनिट झालं की तिनं दिवा एकदा बंद करून चालू करायचा. हे काम तिला खेळापेक्षा जास्त आवडलं.

शब्दांचा प्रश्न मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. तयार याद्या नेटवर खूप आहेत, पण त्या बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या घरातून आलेल्या असतात. गूगलचा क्विक, ड्रॉ! हा २०१६ मधला खेळ घ्या. आपण वीस सेकंदांत काढायचं आणि संगणकानं ओळखायचं. त्यातून जमलेली पाच कोटी चित्रं गूगलनं नंतर खुली केली, ३४५ शब्दांची. त्या शब्दांत बेसबॉलची बॅट आहे, आइस हॉकीची चकती आहे, बर्फाचा माणूस आहे. क्रिकेटची बॅट नाही. यात कोणाचा वाईट हेतू नाही; ज्यानं यादी केली त्यानं आपल्या खिडकीतून बाहेर पाहिलं, इतकंच. पण आमच्या खिडकीतून एसटी दिसते. म्हणून मी यादी केलीच नाही. प्रत्येकानं आपल्या मनातला शब्द लिहायचा, असं ठरवलं.

*

पहिल्या फेरीला दिवा लुकलुकला आणि खोलीत एकदम शांतता झाली. आमच्या घरात नऊ माणसं जागी असताना अशी शांतता मी कधी ऐकलेली नव्हती. फक्त पेन्सिलींची खसखस. काका जीभ दाताखाली धरून काढत होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. जे होतं ते कागदावर. तेवढ्यापुरते आम्ही सगळे बाबांच्या खोलीत राहायला गेलो होतो.

मग वह्या उघडल्या. आईनं लिहिलं होतं 'माहेर'. दाजींनी घर काढलं, दारात एक म्हातारी, समोर बॅग घेतलेली बाई. भाचीनं ते बघून लिहिलं, 'पाहुणे आले'. आता बाबा. त्यांनी माणूस एकही काढला नव्हता. बंद दार आणि दाराबाहेर चपलांचे सहा जोड, त्यातली एक चप्पल उलटी पडलेली. दादानं ते बघून लिहिलं 'देऊळ'. काकूंनी कळस, झेंडा आणि मोठी घंटा काढली. माझ्या नजरेत ती घंटाच भरली, म्हणून मी 'घंटा' लिहिलं. ताईनं लोखंडी तुकड्यावर हातोडा मारणारा शिपाई काढला. आणि काकांनी शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'शाळा सुटली'.

माहेरपासून शाळा सुटलीपर्यंत. पानागणिक हसू वाढत गेलं, आणि बाबा प्रत्येक पानाला आमच्याबरोबर हसत होते. आमच्या तोंडांकडे बघून हसत नव्हते, वहीकडे बघून हसत होते. देवळापाशी तर ते आमच्या आधी हसले, कारण चपला बघून दादाची काय गल्लत झाली हे सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात आलं. हसू ओसरल्यावर आई म्हणाली, "काय चुकलं त्यात? माहेरी गेलं की शाळा सुटल्यासारखंच वाटतं." ते बाबांना ऐकू गेलं नाही. भाचीनं ते वाक्य वहीच्या मागे लिहून त्यांना दाखवलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. खेळाचा नियमच तसा आहे, असं तिला वाटलं असावं.

या खेळात कोणी जिंकत नाही. खरं तर गुण मोजायची पद्धत आहे, पण ती कोणाला आठवत नाही, कारण गंमत चुकण्यातच असते. शब्द जसाच्या तसा परत आला तर ती वही कंटाळवाणी. ज्या माणसाला दिवसभर चुकीचं ऐकल्याबद्दल ओशाळं व्हावं लागतं, त्याच्यासाठी ही फार मोठी सवलत आहे. इथं नऊच्या नऊ जण चुकीचं समजून घेत होते, आणि त्याबद्दल टाळ्या पडत होत्या.

हा खेळ सगळ्यांसाठी आहे असं मात्र म्हणता येणार नाही. त्याला लिहिता-वाचता यावं लागतं. आमची आज्जी असती तर ती यातून बाहेर राहिली असती, आणि मग मी गुपचूप पिक्शनरी निवडली असती, आज्जीला ओरडणाऱ्या गटात बसवून. हात थरथरणारं कोणी असेल तर मिनिटाचं घड्याळ काढून टाकावं. चित्र येत नाही म्हणून लाजणारं कोणी असेल तर सगळ्यांत वाईट चित्रकारानं आधी आपली वही उघडावी. कोणता खेळ चांगला, हा प्रश्न बहुधा कुठेच पोचवत नाही. आपल्यात कोण भिंतीला टेकून बसतं, हे आधी बघितलं की निवड बरीच सोपी होते.

तीन फेऱ्यांनंतर जेवणं झाली. गप्पा सुरू झाल्या, सगळे एकदम बोलायला लागले आणि बाबा नेहमीसारखे उठून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. एका संध्याकाळीनं कान परत येत नाहीत.

पण तिसऱ्या फेरीत त्यांनी लिहिलेला शब्द होता 'धोटा'. दादानं तो बऱ्यापैकी काढला होता, दोन्हीकडे टोक आणि आत सुताची कांडी. काकूंनी लग्नानंतर कितीतरी वर्षं घरी कांड्या भरल्यात, त्यांनी बघताक्षणी बरोबर ओळखला. माझ्या चित्रात ताईला होडी दिसली. काकांनी होडी काढली आणि तिच्यात चारपाच माणसं बसवली. आईला ते २०१९ आठवलं. तिनं लिहिलं, 'पुरातली होडी'. दाजींनी पाण्यातून वर आलेली छपरं काढली, आणि भाचीनं शेवटी लिहिलं, 'पूर'. वही परत आल्यावर बाबांनी एकेक पान उलटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "माझा धोटा पंचगंगेत वाहून गेला की!"

भाचीनं वही घेतली, पहिल्या पानावरच्या शब्दावर बोट ठेवलं आणि खांदे उडवले. तिला धोटा माहीत नव्हता. कसा असणार? इचलकरंजीतही आता बिनधोट्याचे माग आलेत. बाबांनी पाठकोरा कागद ओढला आणि काढायला सुरुवात केली. धोटा, मग त्याचं घर, मग त्याला फेकणारा दांडा, मग बाण, इकडून तिकडे. दिवा लुकलुकायला बटणापाशी कोणीच नव्हतं, त्यामुळे त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला.